‘कोकण आणि मुंबई’ हा पेपर पहिल्यांदाच शिकवायचा आहे: सत्राची सुरुवात कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला ‘कोकण आणि मुंबई : प्रादेशिक अभ्यास’ हा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) खुला ऐच्छिक विषय यंदा पहिल्यांदा सुरू होतो आहे. वर्गात साठ मुलं, त्यातली निम्मी वाणिज्य आणि विज्ञान शाखेची. काही मराठी माध्यमातून आलेली, काही इंग्रजी. सत्र जूनच्या अखेरीस सुरू होणार. आधी काय तयार ठेवायचं आणि पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

सुरुवात इतिहासाच्या व्याख्यानाने करू नका. सात बेटं, पोर्तुगीज, लग्नाचा आहेर, इंग्रज, गिरण्या ही साखळी मुलांनी शाळेत ऐकलेली असते. तीच पुन्हा लावली की दोन आठवड्यांत विषय ‘मुंबईचा इतिहास’ होऊन बसतो आणि कोकण तोंडी लावण्यापुरतं उरतं. प्रादेशिक अभ्यासाचा पहिला प्रश्न हद्दीचा आहे. आपण ज्याला प्रदेश म्हणतो त्याची सीमा कोणी आखली, कशासाठी आखली, आणि ती सरकवली तर आपले निष्कर्ष किती सरकतात? हा प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत मुलांच्या अंगवळणी पडला, तर पुढे स्थलांतर असो, बोली असो की गिरणगाव, प्रत्येक घटक त्यावर उभा राहतो. तो राहून गेला तर सत्रभर तुम्ही सुटी सुटी माहिती देत राहाल.

त्याआधी कॅलेंडर घेऊन बसा. एक श्रेयांक म्हणजे १५ तास, त्यामुळे दोन श्रेयांकांचे ३० तास. आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची असते, म्हणजे कागदावर साधारण ३७ तासिका होतात. त्या सगळ्या मिळतील असं धरून आखणी केली की ऑक्टोबरमध्ये शेवटचा घटक दोन तासांत उरकावा लागतो. पावसाळी सत्रात अतिवृष्टीचा इशारा, बंद पडलेली लोकल, दहीहंडी, गणपती, नवरात्र हे सगळं येतं. ३० तासिकांचाच मजकूर आखा आणि उरलेल्या राखीव ठेवा. खुल्या ऐच्छिक विषयात पहिले दोन आठवडे मुलं विषय बदलत असतात, हेही धरा. पुन्हा घेता येणार नाही असं काहीही त्या दोन आठवड्यांत ठेवू नका. जे कराल ते उशिरा आलेल्या मुलाला घरी अर्ध्या तासात करता आलं पाहिजे.

गणपतीचे दिवस मात्र तोट्याच्या खात्यात टाकू नका. कोकणातली मुलं गौरी-गणपतीला गावी जाणारच, वर्ग निम्मा रिकामा होणारच. या विषयासाठी ते वर्षातले सगळ्यात मोलाचे आठ दिवस आहेत. गावी जाणाऱ्यांच्या हाती क्षेत्रकामाचा कागद द्यायचा, मागे राहणाऱ्यांना मुंबईतलं समांतर काम द्यायचं. तो कागद त्याआधी किमान दहा दिवस तयार हवा, म्हणजे सत्राची पहिली पाच-सहा आठवड्यांची आखणी त्या दिवसापासून मागे मोजत करावी लागते.

आता पहिली तासिका. ए-फोर कागदावर पश्चिम किनाऱ्याचा कोरा नकाशा द्या. त्यावर फक्त किनारपट्टी, सह्याद्रीची धार आणि सात ठिपके: डहाणू, मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, सावंतवाडी, पुणे, कोल्हापूर. जिल्ह्यांच्या रेषा नकोत, राज्याचीही नको. सूचना एकच: कोकणाची हद्द पेन्सिलने आखा आणि खाली एका वाक्यात कारण लिहा. दहा मिनिटं पुरतात. शेजाऱ्याशी बोलू देऊ नका, नाहीतर एका बाकावर एकच नकाशा तयार होतो. मग पाच-सहा नकाशे निवडून त्यांच्या रेषा एकाच पारदर्शक कागदावर वेगवेगळ्या रंगांनी उतरवा आणि वर्गाला दाखवा.

जवळजवळ नेहमी दिसतं ते असं: कोणी कोकण रायगडपासून सुरू करतं, कोणी मुंबई वगळतं, पालघर बहुतेकांच्या रेषेबाहेर राहतं, आणि दोन-चार जण गोवा आत घेतात. कारणं वाचायला लावा. ‘तिथे आंबे होतात’, ‘तिथे मालवणी बोलतात’, ‘आमचं गाव तिथे आहे’, ‘घाटाखालचा सगळा भाग’. बोली, भूगोल, पीक, नातं, प्रशासन हे निकष मुलांनी स्वतःच मांडलेले असतात, तुम्ही फक्त फळ्यावर वेगळे करायचे. शेवटी सरकारी कोकण विभाग सांगा: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सात जिल्हे. हे ‘बरोबर उत्तर’ म्हणून मात्र सांगू नका. तसं सांगितलं की मुलं यादी लिहून घेतात आणि विचार थांबतो. प्रत्येकाचा नकाशा तारीख घालून जमा करा. चौदाव्या आठवड्यात तोच परत देऊन पुन्हा आखायला लावायचा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेत आकडे आणा. वाणिज्य आणि विज्ञानाची मुलं इथे खुलतात आणि आपण पाहुणे नाही असं त्यांना वाटू लागतं. २००१ आणि २०११ च्या जनगणनेतले एवढेच आकडे फळ्यावर लिहा. रत्नागिरी: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्ग: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. मुंबई शहर: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. मुंबई उपनगर: ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२. आणि २०११ चं लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: रत्नागिरीत ११२२, मुंबई शहरात ८३२.

वर्गातून लगेच उत्तर येईल: रत्नागिरीचे पुरुष मुंबईला आले. अर्धं खरं आहे, आणि इथेच थांबायचं नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही घटली आहे, मग आलेले लोक राहिले कुठे? उपनगरं, ठाणे, वसई-विरार, पनवेल हे नकाशावर दाखवा. गिरण्या बंद पडून त्या जमिनींवर काय उभं राहिलं, जुन्या चाळींतल्या कुटुंबाच्या पुढच्या पिढीला त्याच भागात घर परवडतं का, हे विचारा. ११२२ या आकड्यामागेही दोन गोष्टी आहेत: कामाला बाहेर गेलेले पुरुष आणि मागे राहिलेल्या वयस्क स्त्रिया. वयोगटानुसार तक्ता पाहिल्याशिवाय कशाचा वाटा किती हे सांगता येत नाही. एका आकड्यावरून गोष्ट रचायची घाई करायची नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे.

आकड्यांतला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे बदललेल्या हद्दी. मुलांचे प्रकल्प बहुधा इथेच चुकतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. म्हणून २०११ च्या जनगणनेच्या मूळ तक्त्यात ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ दिसतो; त्यातून आजच्या पालघरचे २९,९०,११६ वजा केले की आजच्या ठाण्याचे ८०,७०,०३२ उरतात. दोन प्रकल्पांत दोन वेगळे आकडे येतात आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून भांडतात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला आणि त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. मुंबई उपनगर जिल्हा १९९० चा. महापालिकेची हद्द १९५० मध्ये एकदा आणि १९५७ मध्ये पुन्हा उत्तरेकडे वाढली, दुसऱ्या खेपेला दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्यामुळे ‘मुंबईची लोकसंख्या १९४१ ते १९६१’ असा आलेख काढणाऱ्या मुलाला आधी विचारा, कुठली मुंबई? या सालांचा एक छोटा तक्ता करून प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला लावा. पुढे प्रत्येक आकड्याखाली दोन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: साल आणि त्या सालची हद्द. नसतील तर काम परत.

हाच खड्डा जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांत, आणखी खोल होतो. ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियरं राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यामुळे मुलं थेट तिथे जातात, आणि जावंच. पण १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेल आणि कर्जत हे ठाण्याचे तालुके आहेत. आज ते रायगडात. त्याच गॅझेटियरमध्ये ‘माहीम’ हा तालुका भेटतो. तो केळवे-माहीमचा, म्हणजे आजच्या पालघरकडचा. मुलं तो मुंबईच्या माहीमला जोडतात आणि शितळादेवी परिसरात भाताची शेती किती होती याचं वर्णन लिहून आणतात. जातींची आणि जमातींची वर्णनं वाचताना दुसरी काळजी घ्या. लिहिणारा अधिकारी होता, त्याला महसूल आणि बंदोबस्त बघायचा होता, आणि त्याची विशेषणं तिथून आलेली आहेत. ती विशेषणं मुलांच्या निबंधात जशीच्या तशी उतरू देऊ नका. वर्गात त्याच समाजाची मुलं बसलेली असतात.

वाचनाचं साहित्य पुस्तकांच्या यादीने देऊ नका. सहा ते आठ पानांचे चार संच करा, झेरॉक्स काढा, प्रत्येक संचावर तीन प्रश्न छापा. एक संच गॅझेटियरमधल्या उताऱ्यांचा, एक जनगणनेच्या तक्त्यांचा, एक जुन्या मराठी वर्तमानपत्रांतल्या किंवा मासिकांतल्या मजकुराचा, एक नकाशांचा. नकाशांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे चांगले. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, हे आधी पट्टीने मोजून घ्यायला लावा. मराठी जुन्या छापील मजकुरासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) हा पहिला पत्ता. मूळ सरकारी कागदपत्रं राज्य पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत, पण तिथे साठ मुलांचा तांडा नेण्यात अर्थ नाही. प्रकल्पाला खरोखर गरज असलेली तीन-चार मुलं, महाविद्यालयाचं पत्र, ओळखपत्र आणि काय शोधायचं हे ठरलेलं असेल तरच पाठवा. मोडीतला कागद समोर आला की हात टेकतात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पातळीवर छापील किंवा इंग्रजी कागदपत्रांपुरतंच ठेवा.

चौथ्या आठवड्यात घरची पाहणी. एक पान, आठ प्रश्न, त्याहून जास्त नाही. घरातलं मुंबईत पहिल्यांदा कोण आलं, कोणत्या गावाहून आणि तालुक्यातून, साधारण कोणत्या साली, पहिला पत्ता कुठला, पहिलं काम कोणतं, कोणाच्या ओळखीने, गावाशी आज काय संबंध उरला आहे, आणि घरात कोणती बोली कोणाशी बोलली जाते. ‘तुमचं गाव कुठलं?’ असा थेट प्रश्न मात्र लिहू नका. कोळी, ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे ख्रिस्ती), आरेतल्या पाड्यांवरची वारली कुटुंबं यांचं गाव मुंबईच आहे. त्यांच्यासाठी ‘तुमच्या आठवणीत वस्तीची हद्द कुठवर होती’ हा पर्यायी प्रश्न ठेवा. घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेल्या घरांची माहितीही तेवढ्याच कामाची, कारण तुलना त्यातूनच होते. जात विचारू नका, उत्पन्न विचारू नका, कोणताही ओळखपत्र क्रमांक घेऊ नका.

गावी जाणाऱ्यांच्या कागदावर गावच्या मुंबई मंडळाची चौकशी घाला. कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईत मंडळं आहेत; गावातली शाळा, देऊळ, पाण्याची टाकी यांचा पैसा तिथून गेलेला असतो. देवळातल्या देणगीदारांच्या फलकावर नाव, रक्कम, साल आणि बऱ्याचदा मुंबईतला पत्ताही कोरलेला असतो. त्याचा फोटो हा मुलाने स्वतः शोधलेला दस्तऐवज ठरतो. मागे राहिलेल्यांनी मुंबईच्या बाजूने तेच पाहायचं: मंडळाची बैठक कुठे होते, वर्गणी कशी ठरते, गोवेकरांचे धोबी तलावाकडचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली राहायची ठिकाणं, कशी चालतात. दोन्ही बाजूंचे कागद एका तासिकेत जुळवले की मुंबईचा आणि कोकणाचा व्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या मते या पेपरमधली ही सगळ्यात महत्त्वाची तासिका. तिच्यासाठी जोडतासिका मागून घ्या.

मुलाखत ध्वनिमुद्रित करायची असेल तर मराठीत चार ओळींचं संमतिपत्र हवं: कशासाठी, कोण ऐकणार, नाव बदलणार का, मध्येच थांबवता येईल का. मोबाइल पुरतो. आधी एक मिनिट मुद्रण करून ऐकायला सांगा; डोक्यावरचा पंखा, टीव्ही आणि रस्त्याकडची खिडकी आवाज खाऊन टाकतात. वीस मिनिटांची मुलाखत शब्दशः उतरवायला दोन तास सहज जातात, त्यामुळे मुलांना फक्त महत्त्वाची पाच मिनिटं शब्दशः आणि बाकीचा गोषवारा करायला सांगा. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, वाडवळी जशी बोलली तशीच उतरवायची. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ आणलेली मुलाखत या विषयाच्या कामाची नाही.

क्षेत्रभेटीबद्दल. जुलैत साठ मुलांना घेऊन बाहेर पडू नका. घारापुरीची होडी खवळलेल्या समुद्रात बंद राहते आणि सोमवारी लेणीही बंद असतात. कान्हेरीही सोमवारी बंद, कारण राष्ट्रीय उद्यानच बंद असतं. अपवाद एक, कोळीवाडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. नावा किनाऱ्याला, माणसं घरी, जाळी दुरुस्त होत असतात, बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेनंतर तोच तांडेल (नावेचा प्रमुख) दिवसचे दिवस भेटत नाही. पाच-सहा मुलांचा गट, आधी वेळ ठरवून, कोणाच्या तरी ओळखीने पाठवा. कॅमेरे पुढे करून गल्ल्यांतून फिरणारा घोळका तिथल्या लोकांना नकोसा होतो आणि ते बरोबरच आहे.

हद्द पायाखाली दाखवायची तर शीवच्या किल्ल्याला तोड नाही. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली, १६६८ पासून ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. पलीकडची साष्टी, म्हणजे आजची उपनगरं जिथे आहेत ते उत्तरेचं बेट, पोर्तुगीजांची. १७३९ च्या वसईच्या मोहिमेपर्यंत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ शीव ही दोन राज्यांमधली रेघ होती. टेकडीवर उभं राहून मुलांना उत्तर दिशा शोधू द्या आणि एकेकाळी पाणी आणि दलदल कुठे होती हे नकाशावर खुणावू द्या. तिथून धारावीचा काळा किल्ला जवळ आहे, त्याच्या भिंतीवर १७३७ साल कोरलेलं आहे. त्याला वस्तीचा वेढा आहे, आत शिरण्याचा हट्ट नको, बाहेरून पाहायचा. माहीमचा किल्ला जोडला की उत्तरेकडची संरक्षणरेषा पुरी होते. एका खेपेला वीसच मुलं, सकाळी आठची वेळ, दोन तास. पावसात पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि जोराच्या पावसात शीव-कुर्ला दरम्यान रुळांवर पाणी येतं, म्हणून ही फेरी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा पाऊस ओसरल्यावर ठेवा. महापालिका पावसाळ्यातल्या साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या दिवशी कुठलीच भेट नको.

संयुक्त महाराष्ट्राचा घटक पहिल्या महिन्यात घेण्याचा मोह होईल, कारण हद्दीचा इतका जिवंत दाखला दुसरा नाही: १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. तरी तो सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबवा. या विषयावर वर्गात घराघरांतल्या भावना येतात, आणि येऊ द्याव्यात. पण तोवर मुलांना पुरावा मागायची आणि आपल्या विधानाखाली साल लिहायची सवय झालेली असेल, तर गुजराती घरातली मुलगी आणि लालबागचा मुलगा एकाच कागदावर बोट ठेवून बोलतात.

भाषेचं एक पक्कं ठरवा आणि पहिल्याच दिवशी सांगा: उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत, कुठल्याही एकाच भाषेत चालेल, पण गावांची आणि माणसांची नावं देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंगवरून मुलं ‘बसीन’ आणि ‘सालसेट’ ही वेगळी गावं समजतात. वसई आणि साष्टी असं एकदा लिहून घेतलं की गोंधळ मिटतो.

अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतील तर घरच्या पाहणीला १०, शीवच्या फेरीच्या दोन पानांच्या टिपणाला ५, आणि दोन नकाशे, पहिल्या आणि चौदाव्या आठवड्यातले, त्यांच्यातल्या फरकाचं एक पानाचं स्पष्टीकरण यांना ५. आयता मजकूर उतरवून या तिन्हींत गुण मिळत नाहीत, कारण प्रत्येकाचं घर, पत्ता आणि पहिली रेघ वेगळी असते. पाहणीचा कागद गणपतीनंतर एका आठवड्यात हातात घ्या. दसऱ्यापर्यंत मुदत दिली की निम्मे कागद परीक्षेच्या आदल्या दिवशी येतात आणि जुळवणीची ती जोडतासिका होतच नाही.